खाज थांबली, पण रोग गेला का? त्वचेवर स्वतःच औषध लावताना या चुका टाळा

मलम लावलं, दोन दिवसांत खाज थांबली, लाली उतरली. घोळ सुरू होतो तो नेमका इथून.

सगळ्यात जास्त नुकसान नायट्याच्या बाबतीत होतं. घरात कुणाच्या तरी इसबासाठी दिलेली ट्यूब पडलेली असते. तिच्यात बऱ्याचदा क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड दाह शमवतं खरं, पण तो शमवताना त्वचेचा प्रतिकारही दाबतं. बुरशीला आयतंच मोकळं रान मिळतं. चट्टा आतल्या आत पसरतो आणि मलम थांबवलं की खाज दुप्पट जोराने उसळते. मग आपण म्हणतो, ‘बघा, याच मलमाने बरं वाटत होतं!’ पुन्हा तीच ट्यूब. नायट्याची ओळखीची गोल, खवलेदार कडा एव्हाना पुसट झालेली असते, त्यामुळे डॉक्टरांनाही तो चटकन ओळखता येत नाही. अशा वेष पालटलेल्या नायट्याला १९६८ पासून ‘टिनिया इन्कॉग्निटो’ असं नावच आहे.

बुरशी, जंतू आणि खाज या तिन्हींवर एकच मलम मिळालं तर आधी घटक वाचा. नावाचा शेवट ‘-सोन’ किंवा ‘-सॉल’सारखा वाटला म्हणजे स्टेरॉइडच, असं मात्र नाही, क्लोट्रिमाझॉल हे बुरशीविरोधी औषध आहे. शंका असेल तर औषधविक्रेत्याला सरळ विचारा, ‘यात स्टेरॉइड आहे का?’

चेहऱ्यावर गोरेपणासाठी किंवा मुरुमांसाठी स्टेरॉइडची मलमं महिनोन्‌महिने लावणाऱ्यांची त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरुम उलट वाढतात. तुमचं असं झालं असेल तर घाबरून एका दिवसात सगळं बंद करू नका. आग आणि लाली सहन होत नाही आणि माणूस पुन्हा ट्यूबकडे वळतो. ते कसं सोडायचं, हे त्वचारोगतज्ज्ञाला ठरवू द्या. सोरायसिसवर स्वतःच्या मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणं तर त्याहून धोक्याचं. गोळ्या थांबवल्यावर अंगभर पुवाळलेल्या फोडांचा प्रकार उद्भवू शकतो.

खरजेत चूक वेगळीच असते. औषध बरोबर असतं, पण जिथे खाजतं तिथेच लावलं जातं. पर्मेथ्रिन हे खरजेचं मलम मानेपासून पायांच्या तळव्यांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांतही, रात्रभर ठेवायचं असतं आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावायचं असतं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, खाज नसली तरी. त्यानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते. ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून रोज चोपडत बसू नका.

लिंबू? ते लावून उन्हात गेलात तर फोड येऊ शकतात आणि काळे डाग मागे राहू शकतात.

एखाद्या फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर मात्र कुठलंच मलम न लावता तडक तपासून घ्या. ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. आणि दवाखान्यात जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या, रिकाम्यासुद्धा.