वेडेलिया लावा, पण छाटलेल्या फांद्या जपून टाका

पिवळ्या फुलांचा वेडेलिया उतारावरची माती धरून ठेवायला फार चांगला. पावसाला सुरुवात झाली की वीतभर फांद्या कापा, खालची पानं काढा आणि दोन पेरं मातीत जातील अशा तिरक्या खोचा, फुटाफुटावर. पेर जमिनीला टेकलं की तिथून पांढरी मुळं सुटतात, म्हणून तो इतका झपाट्याने पसरतो. भरपूर ऊन मिळालं तर फुलं जास्त येतात. जुना झाला की मधल्या काड्या उघड्या पडतात, तेव्हा चार बोटं ठेवून बिनधास्त छाटा.

एक मात्र कळकळीने सांगते: छाटलेल्या फांद्या ओढ्याकाठी किंवा माळावर टाकू नका. हा मूळचा अमेरिकेच्या उष्ण भागातला, मोकळ्यावर रुजला तर आपली रानफुलं दाबून टाकतो. फांद्या उन्हात कडकडीत वाळवा, मगच खताच्या खड्ड्यात घाला.