रेकॉर्ड केलेला आवाज ठेक्यामागे पडत होता: माझा अनुभव

लक्षण असं: कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करताना हेडफोनमध्ये तालात गायलेली ओळ परत ऐकताना दर वेळी सारखीच उशिरा. बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ५१२ वरून १२८ केला, ऑडिओ इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या उपकरणाचा) ड्रायव्हर पुन्हा टाकला, क्लिप हाताने सरकवल्या. दोन आठवडे वाया गेले.

दोष ड्रायव्हरमध्ये होता. तो रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला खऱ्यापेक्षा कमी लेटन्सी (आवाज आत-बाहेर जायला लागणारा उशीर) सांगतो, त्यामुळे सॉफ्टवेअर करतं ती उशिराची भरपाई अपुरी पडते.

खरा उशीर मोजायला आधी स्पीकर, फँटम पॉवर (इंटरफेसमधून माइकला जाणारी वीज) आणि डायरेक्ट मॉनिटरिंग (इनपुटचा आवाज इंटरफेसमधूनच थेट ऐकणं) बंद करा. इंटरफेसच्या लाइन आउटपुट १ मधून लाइन इनपुट १ मध्ये केबल जोडा. पहिल्या ट्रॅकवर नेमक्या मात्रेवर क्लिकचा छोटा आवाज ठेवा आणि तो दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या ट्रॅकचं इनपुट मॉनिटरिंग (आत येणारा आवाज लगेच बाहेर पाठवणं) बंदच हवं, नाहीतर फीडबॅक होतो. झूम करून दोन्ही लहरींच्या सुरुवातींमधलं अंतर सॅम्पलमध्ये, म्हणजे डिजिटल आवाजाच्या एकेका नोंदीत, मोजा (शिखरांमधलं नको). माझं ३१२ आलं, म्हणजे ४८,००० हर्ट्झ सॅम्पल रेटला (सेकंदाला ४८,००० सॅम्पल) ६.५ मिलिसेकंद. हा आकडा सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेट या सेटिंगमध्ये भरून पुन्हा रेकॉर्ड करा. अंतर दुप्पट झालं तर चिन्ह उलटं करा. एखाद्या सॅम्पलचा फरक राहिला तर चालतो.

सॅम्पल रेट बदलला की मोजणी पुन्हा करावी लागते.