बर्फातला पक्षी, बांधीतला सराव

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडे बर्फ कुठला पडायला? तरी बर्फातल्या पक्ष्याचं एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, मी शिकले ते इथेच, भाताच्या रोवणीच्या दिवसांत, बांधीच्या म्हणजे भातशेताच्या धुऱ्यावर बसून.

चिखलणी सुरू झाली की ट्रॅक्टरमागे गायबगळ्यांची रांग लागते. एकच बगळा आत्ता काळ्या चिखलावर असतो आणि चार पावलं टाकली की आभाळाने पांढऱ्या झालेल्या पाण्यावर. पहिल्या पावसाळ्यात मी सगळं कॅमेऱ्यावर सोपवलं होतं. चिखलावरचे बगळे चुन्याच्या ढेकळासारखे आले, पाठीवर एक पीस दिसेना. पाण्यावरचे राखेत लोळल्यासारखे. उजेड तोच, बगळा तोच. बदललं होतं फक्त त्याच्या मागचं.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला बगळा कळत नाही. समोर जे दिसेल ते साधारण १८ टक्के उजेड परतवणारं, मध्यम करडं आहे, असं तो धरून चालतो. चिखल दिसला की उजळवतो, पांढरं दिसलं की काळवंडवतो. बर्फ करडा येतो तो याच कारणाने.

म्हणून मॅन्युअल मोडवर जा, म्हणजे सगळं स्वतः ठरवा, आणि आयएसओही (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ऑटोवर ठेवू नका, नाहीतर मागचं बदललं की कॅमेरा पुन्हा आपल्या मनाने वागेल. बगळ्यावर जसा उजेड पडतोय तशाच उजेडातलं हिरवं गवत मोजा. ते बहुतेक वेळा मध्यम करड्याच्या जवळ भरतं. त्यावरून पांढऱ्या पक्ष्यासाठी अर्धा ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, एक जास्त म्हणजे दुप्पट). एक फोटो काढून हिस्टोग्राम पाहा, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख. पांढऱ्याचा डोंगर उजव्या कडेच्या अलीकडे थांबला पाहिजे, कडेला चिकटला तर शटरचा वेग आणखी वाढवा. पावसाळ्यात गायबगळ्याचं डोकं नि मान केशरी असते, तेव्हा तपासायची ती पाठ. हिवाळ्यात कोवळ्या उन्हात माझी सुरुवात आयएसओ ४००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ६.३ आणि शटर १/२००० सेकंदाने होते. एकदा जमलं की बगळा चिखलावर जावो की पाण्यावर, कॅमेऱ्याच्या चाकाला हात लावायचा नाही. हात लावायचा तो ढग आला किंवा सरला तर.

बर्फात मोजायला गवत नसतं. फेब्रुवारीत उत्तराखंडात चोपत्याहून तुंगनाथच्या वाटेवर गेले तेव्हा बर्फच मोजला. स्पॉट मीटर, म्हणजे फक्त एका ठिपक्याएवढ्या जागेचा उजेड मोजणारा मीटर, उन्हातल्या बर्फावर धरला आणि मीटर सांगेल त्यापेक्षा दीड स्टॉप जास्त दिलं. हिस्टोग्राममध्ये जागा उरली होती, म्हणून पावणेदोनपर्यंत नेलं. स्क्रीनच्या उजळपणावर मात्र अजिबात विसंबू नका. बर्फाच्या लखलखाटात स्क्रीन अंधारी वाटते आणि माणूस उगाच एक्स्पोजर वाढवत बसतो.

तिथला नर मोनाल, हिमालयातला कोंबड्यासारखा पक्षी, गडद रंगाचा. त्याच्यासाठी जास्त उजेड द्यावासा वाटतो, पण मी बर्फाचा पोत आधी राखते. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) असेल तर सावलीतून रंग बराच वर काढता येतो, जळालेल्या बर्फातून काहीच परत येत नाही. शिवाय बर्फावरून उजेड उलटून पक्ष्याच्या पोटाखाली येतो, त्यामुळे वाटते तितकी सावली काळी नसते. मोनाल देवदारांच्या सावलीत शिरला तर मात्र नव्याने मोजणं आलं. आणि जास्तीची बॅटरी आतल्या खिशात ठेवा, थंडीत ती लवकर उतरते.

याचा सराव घरी होतो. ढगाळ सकाळी बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, जा. मधल्या खुंटावर पाणकावळा पंख पसरून बसलेला असतो, भोवती पाणी पांढरंफेक. काळा पक्षी आणि पांढरी जमीन, हुबेहूब मोनालचीच मांडणी. पाणी मोजा, दीड स्टॉप वाढवा, घरी येऊन फोटो मोठा करून बघा. पाणकावळ्याच्या पाठीवरच्या पिसांच्या कडा वेगवेगळ्या मोजता आल्या आणि पाण्यावरची लहरही शाबूत असली, तर डोंगराची तिकिटं काढायला हरकत नाही.