‘पी-ई-डी’ : तीन अक्षरांवरून इंग्रजी शब्दांचं कुटुंब कसं गोळा करावं

इंग्रजी शब्द वाढवायचे ठरले की बरेच जण शब्दकोश ‘ए’पासून उघडतात आणि ‘ॲबॅकस’च्या आसपास दम सोडतात. त्यापेक्षा एखादा अक्षरगट पकडावा आणि तो ज्या-ज्या शब्दांत आहे ते शब्द एकत्र लिहावेत. सुरुवातीला ‘पी-ई-डी’ घ्या. मराठी माणसाला हा गट सोपा जातो. का ते पुढे कळेलच.

पहिली पायरी शब्दकोशाची नाही, घरातली. ही तीन अक्षरं लागोपाठ असलेले, आधीपासून माहीत असलेले शब्द वहीत उतरवा. सायकलचं पेडल. हॉलमधला पेडेस्टल फॅन. ब्यूटी पार्लरच्या दरपत्रकातलं पेडिक्युअर. आणि मोपेड. १९७२ साली कायनेटिकची लूना आली आणि हा शब्द गावोगावी पोचला. तो मुळात स्वीडिश भाषेत तयार झाला, मोटर आणि पेडल यांची डोकी जोडून. लूनाला पेडल का होतं हे त्या नावातच आहे. चढावर पेडल मारत लूना चालवलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आता चारही शब्दांत सामाईक काय, ते शोधा. पाय! लॅटिनमध्ये ‘पेड’ म्हणजे पाय, आणि तो आपल्या संस्कृत ‘पद’चा सख्खा चुलतभाऊ. म्हणून पेडेस्ट्रियन म्हणजे पादचारी. (हाच शब्द लिखाणाला लावला तर अर्थ होतो रटाळ, पायी चालल्यासारखं.) बायपेड म्हणजे द्विपाद, क्वाड्रुपेड म्हणजे चतुष्पाद. शब्दाला शब्द जुळतो. पेडेस्टल म्हणजे पुतळ्याखालचा चौथरा, पुतळ्याचा पायच म्हणा ना.

पुढच्या पायरीवर कानावर भरवसा ठेवू नका, स्पेलिंग बघा. सेंटिपीड म्हणजे गोम. उच्चार ‘पीड’, पण अक्षरं तीच, शेवटी एक ‘ई’ जास्त. शब्दाचा अर्थ ‘शंभर-पाय’. प्रत्यक्षात गोमेच्या पायांच्या जोड्या विषम संख्येत असतात, म्हणजे पन्नास जोड्या, नेमके शंभर पाय, जमतच नाहीत. इम्पीड म्हणजे अडथळा आणणे. मूळ अर्थ पाय बांधून टाकणे. आपण ‘खोडा घालणे’ म्हणतो ना, तेच. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड. लॅटिन आणि मराठी दोघींना एकच चित्र सुचलं. याच्या उलट एक्स्पिडाइट : पाय खोड्यातून मोकळे करणे, म्हणजेच काम लवकर मार्गी लावणे. सरकारी पत्रव्यवहारात हा शब्द सारखा भेटतो, पाय मात्र क्वचितच मोकळे होतात.

खरी मजा घुसखोर पकडण्यात आहे, आणि इथेच जास्त वेळ द्या. पेडियाट्रिशन म्हणजे बालरोगतज्ज्ञ. इथे पायाचा काय संबंध? काहीच नाही. हा ‘पेड’ ग्रीक, त्याचा अर्थ मूल. ऑर्थोपेडिक तर भल्याभल्यांना चकवतो. हाडांचे डॉक्टर म्हटल्यावर पाय असणारच असं वाटतं. पण १७४१ साली निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने मुलांच्या शरीरातली व्यंगं सुधारण्यावर पुस्तक लिहिलं आणि ‘सरळ’ व ‘मूल’ या दोन ग्रीक शब्दांवरून हा शब्द बनवला. आज गुडघा बदलायला आलेल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या फाइलवरही ते मूल बसलेलं असतं.

हे दोन ‘पेड’ ओळखायची युक्ती अशी : ब्रिटिश स्पेलिंग बघा. ‘पी’नंतर ‘ए’ आणि ‘ई’ जोडीने आले तर मूल, एकटा ‘ई’ असेल तर बहुधा पाय. एन्सायक्लोपीडियाचं जुनं स्पेलिंगही ‘ए-ई’वालंच, कारण तिथे मुलाच्या शिक्षणाचा धागा आहे. अमेरिकी स्पेलिंगमध्ये तो ‘ए’ गळतो, तेव्हा युक्ती चालत नाही. आणि टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) अभ्यासात भेटणारी पेडॅगॉजी, म्हणजे अध्यापनशास्त्र, ब्रिटिश असूनही ‘ए’ टाकून बसली आहे. ती मुलांच्याच गटात लिहा. ग्रीसमध्ये मुलाला शाळेत पोचवणाऱ्या गुलामाला जे म्हणत, त्यावरून ती आली.

काही शब्द दोन्ही घरचे नसतात. स्टँपीड म्हणजे चेंगराचेंगरी. पायांखाली तुडवणं डोळ्यांसमोर येतं, पण शब्द आला गलबला या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून. टॉर्पेडो मुळात विजेचा झटका देणाऱ्या माशाचं नाव, त्यातली ‘पी-ई-डी’ केवळ योगायोगाची. अशांसाठी वहीत तिसरा रकाना ठेवा.

एवढं झालं की ‘ई’च्या जागी ‘ओ’ घालून बघा. ‘पॉड’ हा पायाचा ग्रीक अवतार. ट्रायपॉड म्हणजे तीन पायांचा स्टँड, अर्थाने आणि नात्याने आपल्या तिपाईचा भाऊ. पोडियम म्हणजे वक्त्याने उभं राहायचा चौथरा. आणि गॅस्ट्रोपॉड हा गोगलगाईंचा शास्त्रीय वर्ग, ज्याचा शब्दशः अर्थ पोट-पाय. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ म्हणणाऱ्यांना तो पाठ करायची गरजच नाही.

वहीचं काम एका बैठकीत संपवू नका. रोज चार-पाच शब्द पुरेत. आठवड्याने रकाने झाकून स्वतःला विचारा : हा पाय, हे मूल, की नुसता योगायोग? जो शब्द दोनदा चुकेल तो मराठी अर्थासकट पुन्हा लिहा. माझ्या वहीत ऑर्थोपेडिक तीनदा लिहिलेला आहे.