क्लॅम्प मधेच सुटायचा

भोसरीतलं ड्रिलिंग मशीन. इमर्जन्सी रिसेटनंतर कधीतरी ड्रिल खाली असतानाच जॉब धरून ठेवणारा क्लॅम्प सुटायचा. ऑपरेटर म्हणे, "साहेब, सेन्सर बदला." सेन्सर ठणठणीत होता.

मशीन चालवणाऱ्या पीएलसीचा (औद्योगिक कंट्रोलरचा) प्रोग्रॅम ऑब्जेक्ट ओरिएंटेड, म्हणजे एका ब्लॉकवरून दुसरा ब्लॉक बनवता येणारा. पीएलसीच्या भाषांचं मानक असलेल्या आयईसी ६११३१-३ मध्ये ही सोय २०१३ च्या आवृत्तीत आली. इंटरलॉक (धोक्याची हालचाल अडवणारं लॉजिक) मूळ फंक्शन ब्लॉकच्या मेथडमध्ये होता, पण त्यावरून बनवलेल्या पुढच्या ब्लॉकने ती मेथड ओव्हरराइड करताना, म्हणजे स्वतःची लिहिताना, सुपर कॉलच केला नव्हता, मूळ मेथड बोलावलीच नव्हती. रिसेट आणि स्टार्ट एकाच स्कॅनमध्ये (प्रोग्रॅमच्या एका फेरीत) आले तरच घोळ व्हायचा, त्यामुळे टेस्टिंगमध्ये हाती लागेना. मग लॉजिक न्यूएसएमव्ही या मॉडेल चेकरमध्ये, म्हणजे सगळ्या शक्य स्थिती तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मांडलं. अट एकच: ड्रिल खाली असताना क्लॅम्प उघडता कामा नये. पठ्ठ्याने अट मोडणारा क्रम पायरीपायरीने काढून दाखवला!

इंटरलॉक फायनल मेथडमध्ये हलवला, म्हणजे ओव्हरराइडचा प्रश्नच नाही. पुन्हा चालवलं, अट टिकली. प्रोग्रॅमबाहेर थेट तारांनी जोडलेल्या हार्डवायर्ड सेफ्टी रिलेला मात्र हात लावला नाही.