टेबलावर बसणाऱ्यांसाठी: घड्याळ कसं वाचायचं

इंदूरला रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सपासून शाळांच्या सिमेंटच्या कोर्टांपर्यंत सगळीकडे सामन्यात घड्याळ आणि गुण सांभाळणाऱ्या टेबलावर मी बसते. नव्या पोरापोरींना आधी घड्याळाच्या बोर्डाची चाचणी घ्यायला लावते.

शॉट क्लॉक, म्हणजे संघाला शॉट मारायला मिळणारे 24 सेकंद मोजणारं घड्याळ, 24 वर लावा आणि सुरू करा. 24 हा आकडा एक सेकंद टिकला की लगेच 23 झाला, ते बघा. स्वतःच्या अर्ध्या कोर्टातून बॉल पुढे न्यायला संघाला आठ सेकंद मिळतात. टिकला, तर 16 उमटताक्षणी आठ सेकंद झाले. लगेच 23 झाला, तर 16 उमटतो तेव्हा सातच सेकंद झालेले असतात, 15 उमटेपर्यंत थांबायचं. बॉल अजून स्वतःच्या अर्ध्या कोर्टात असलेल्या संघाचा तो हक्काचा सेकंद आहे, म्हणून बोर्ड कुठल्या जातीचा आहे ते रेफरींना सामन्याआधीच सांगा. तीन आणि पाच सेकंदांचे नियम रेफरी स्वतः मोजतात, त्यात टेबलानं पडू नये.

चौथ्या क्वार्टरमध्ये सामन्याचं घड्याळ 2:00 किंवा त्याहून कमी ‘दाखवत’ असताना बास्केट झाली की ते थांबवायचं. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमातच ‘दाखवत असेल’ असं आहे, तेव्हा इथे दिसतो तो आकडा खरा. 2:00 चालतं, 2:01 नाही.

खरी कसोटी शेवटच्या मिनिटात. तिथे दशांश वाचायचे. थ्रो-इनच्या वेळी, म्हणजे रेषेबाहेरून बॉल आत देताना, 0.3 किंवा जास्त असेल, तर खेळाडू बॉल पकडून शॉट मारू शकतो. 0.2 किंवा 0.1 असेल, तर फक्त टॅप, म्हणजे बॉल न पकडता नुसता बास्केटकडे ढकलणं, किंवा थेट डंक, म्हणजे वरून रिंगमध्ये कोंबणं. 1990 च्या जानेवारीत न्यूयॉर्क निक्सच्या ट्रेंट टकरनं 0.1 उरलेला असताना थ्रो-इनवर बॉल घेऊन शिकागोविरुद्ध तीन गुणांची बास्केट मारली आणि ती धरली गेली. एवढ्यात बॉल पकडून फेकणं माणसाला शक्यच नाही, म्हणून एनबीएनं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगनं, त्यानंतर नियम केला.

आपल्याकडच्या जुन्या बोर्डांवर दशांश नसतात. तिथे शून्य दिसलं तरी जवळजवळ सेकंदभर खेळ उरलेला असू शकतो. शून्य बघून हात वर करू नका, भोंगा वाजू द्या. बॅकबोर्डला लाल दिवा असेल, तर भोंग्यापेक्षा दिव्याचं मानायचं. त्याआधी बॉल हातातून सुटला असेल आणि आत गेला, तर बास्केट धरायची.

आणि शेवटच्या मिनिटात प्रत्येक शिट्टीला टायमरनं आकडा मोठ्यानं वाचावा, शेजारच्यानं तो कागदावर उतरवावा. कोच टेबलाशी येऊन 0.3 की 0.2 विचारतील, तेव्हा तो कागद रेफरींच्या हातात द्या.