होमस्टे सांभाळायला येताय? आधी ओल ओळखायला शिका

गुहागर-दापोली पट्ट्यातली मुंबई-पुण्याच्या मालकांची घरं सांभाळायची आणि पर्यटकांना भाड्याने द्यायची, हा माझा व्यवसाय. नव्याने येणारी मुलं बुकिंग, जेवणखाण, साफसफाई पटकन उचलतात. हॉटेल मॅनेजमेंट करून आलेली तर चादर अशी घालतात की बघत राहावं. पण जुलैत बंद खोली उघडली, कुबट वास आला, की त्यांचा हात रूम फ्रेशनरकडे जातो. ओल कुठून येते ते ओळखायला मात्र कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत.

भिंतीवर डाग दिसला की मालक थेट वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन लावतात. तुम्ही त्याआधी पाणी येतंय कुठून ते शोधा. पाऊस, जमीन किंवा हवा, यांपैकी एक काहीतरी असतं, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. अंदाज येत नसेल तर डागाची जागा पुसून पंख्याखाली सुकवा आणि स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारी कडांनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी हवेतलं. फॉइल काढल्यावर मागची बाजू ओली निघाली तर भिंतच पाणी पिऊन बसली आहे.

हवेतलं पाणी नवख्यांना सर्वांत जास्त चकवतं. हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असली की साधारण 26 अंशांखाली गार झालेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी सुटतं. आता पाहुणे एसी 18 वर लावतात आणि समुद्राचा आवाज हवा म्हणून खिडकीही उघडी ठेवतात. मग आरसा, फरशी, कपाटाची दारं सगळ्यांना घाम फुटतो. शेजारची खोली बिनएसीची असेल तर मधल्या भिंतीला तिकडून बुरशी धरते आणि प्लंबर बिचारा नसलेली गळती शोधत बसतो. एसी 25-26 वर आणि खिडक्या बंद, एवढं पाहुण्यांना चेक-इनलाच गोड बोलून सांगा. लहान खोलीला दोन टनांचा एसी लावू नका, असं मालकालाही सांगा. तो चटकन गार करून थांबतो आणि दमटपणा आहे तिथेच राहतो. रिकाम्या खोलीत एसीचा ड्राय मोड बरा. हवेतला दमटपणा खेचणारा डीह्युमिडिफायर चांगलंच काम करतो, पण पावसाळ्यात लाइट किती वेळ असते ते धरूनच त्याच्यावर विसंबा.

पत्र्याच्या कॉटेजची गंमत वेगळी. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र, पावसाचा पत्ता नाही, आणि पहाटे पाहुणा फोन करतो, ‘छत गळतंय.’ पत्रा रात्री उघड्या आभाळाखाली हवेपेक्षाही गार होतो आणि खोलीतली वाफ त्याच्या आतल्या अंगाला लागून थेंब-थेंब पडते. स्क्रूला सिलिकॉन फासून काही होत नाही. पत्र्याखाली इन्सुलेशन हवं, नाहीतर फॉल्स सीलिंग करून वरची पोकळी वाहती ठेवायला हवी. मंगलोरी कौलांत हा त्रास फारसा नाही, कारण माती थोडं पाणी शोषून घेते आणि फटींतून हवा खेळते.

पावसाच्या नि जमिनीच्या ओलीबद्दल जुन्या माणसांना विचारा. रत्नागिरीत वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि इथल्या भिंतींचा जांभा दगड सच्छिद्र. म्हणून तर लोक मे महिन्यात घर शाकारायचे आणि झडीच्या बाजूला झापं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, बांधायचे. आज ताडपत्री किंवा पत्रा लावा, पण पडवीची ती बाजू झाका. शोभेसाठी भिंतीला लागून फुलझाडांचे वाफे केलेले असतात, त्यांची माती जोत्याच्या वर चढली असेल तर खाली ओढा. स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमध्ये पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. पुळणीची, म्हणजे किनाऱ्यावरची, वाळू पायांनी, वाऱ्याने येऊन ती बुजतात आणि पाणी उलटं खोलीत उतरतं. जुन्या टूथब्रशने आणि तारेने साफ करायचं काम, पाच मिनिटांचं. माझ्याकडे कामाला येणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच देतो.

पाहुण्यांचे ओले कपडे खोलीत वाळत पडू देऊ नका. पडवीत दोरी आणि वर पंखा, एवढी सोय केली की ते आपोआप बाहेर टाकतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, गादी फळ्यांच्या पलंगावर, खोली रिकामी असेल तेव्हा उभी. प्लायवूड घ्यायचं झालं तर आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघा. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या एमडीएफला इथे थारा नाही.

बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, सगळीकडे उडते. ओल्या फडक्याने, हातमोजे आणि मास्क घालून पुसा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू होतो.

रंगकाम दिवाळीआधी उरकायची मालकांना घाई असते, सीझन तोंडावर असतो ना. पण सप्टेंबरअखेर भिंत पोटातून ओली असते आणि प्लास्टिक पेंट तिचा श्वासच कोंडतो. डिसेंबरपर्यंत पोपडे सुटलेच म्हणून समजा. खोल्या एकेक करून जानेवारीनंतर रंगवा, शक्य तिथे चुन्याचा हात द्या. मालक कुरकुरेल. फोटो काढून तारखेसकट पाठवत जा, पुढच्या वर्षी तोच विचारेल.

आणि काम स्वीकारण्याआधी घर जुलैत बघून या. मालक दाखवतील एप्रिलात. गादी उलटी करा, कपाट ओढून मागची भिंत बघा, जादा उशा कुठे ठेवतात ते विचारून त्यातली एक हुंगा. मग पगाराचं बोला.